छापता न आलेल्या बातमीचं काय करायचं? अरुण साधूंचं प्रकरण

पत्रकारितेच्या मुलांना शिकवायला गेलं की एक प्रश्न दर बॅचला येतोच आणि तो विचारणारी मुलगी किंवा मुलगा बहुतेक वेळा वर्गातला सगळ्यात शार्प असतो. प्रश्न असा की सर, बातमी खरी आहे हे मला पक्कं माहितीये, सांगणारा माणूस आतला आहे, त्याच्यावर माझा विश्वास आहे, पण तो नाव द्यायला तयार नाही, हातात कागद नाही, दुसरा कुणी दुजोरा देत नाही, मग त्या माहितीचं मी करायचं काय? नियमाचं उत्तर मी देतो, म्हणजे थांबा, अजून दोन माणसं गाठा, कागद शोधा, तोवर छापू नका. ते बरोबरच आहे. पण त्याने प्रश्न संपत नाही हे मुलांनाही कळतं, कारण वीस-पंचवीस वर्षं राजकीय बीट, म्हणजे राजकारणाच्या बातम्यांची नेमून दिलेली जबाबदारी, केलेल्या कुठल्याही रिपोर्टरकडे न छापलेल्या माहितीचा ढीग साचलेला असतो आणि त्यातली बरीचशी कधीच छापण्याजोगी होत नाही. बहुतेकांची ती किश्शांमध्ये जाते, प्रेस क्लबात, चहाच्या टपरीवर, निवृत्तीनंतरच्या भाषणात. पत्रकार आणि कादंबरीकार अरुण साधूंनी तिचं वेगळं काहीतरी केलं आणि म्हणून हे प्रकरण मी नीट मांडायचं ठरवलं.

आधी माणूस थोडक्यात. जन्म १९४१, परतवाडा, अमरावती जिल्हा. सुरुवात पुण्यात केसरीत, मग माणूस साप्ताहिकाशी जवळचं नातं, पुढे मुंबईत इंडियन एक्स्प्रेस, टाइम्स ऑफ इंडिया, स्टेट्समन अशी इंग्रजी पेपरांतली नोकरी आणि शेवटी फ्री प्रेस जर्नलचे संपादक. नंतर १९९५ ते २००१ पुणे विद्यापीठाच्या वृत्तपत्रविद्या विभागाचे, म्हणजे सगळे ज्याला रानडे म्हणतात त्याचे, प्रमुख. २००७ ला नागपूरच्या ८० व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, २०१५ ला कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार. २५ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत सायन हॉस्पिटलात गेले, इच्छेप्रमाणे देहदान झालं.

नोकऱ्या आणि पुरस्कारांची ही यादी कुठल्याही शोकसभेत वाचून दाखवतात, त्यात प्रकरण नाही. प्रकरण आहे १९७० च्या आसपासच्या मुंबईत.

त्या वेळचं राजकारण कसं होतं ते डोळ्यासमोर आणल्याशिवाय पुढचं समजणार नाही. वसंतराव नाईक १९६३ च्या डिसेंबरपासून मुख्यमंत्री, ते १९७५ च्या फेब्रुवारीपर्यंत राहिले. १९७२ च्या निवडणुकीत काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा घेतल्या. आता २२२ म्हटल्यावर विधानसभेत सरकारला धोका शून्य, विरोधी पक्ष कितीही जोरात बोलले तरी मतदानात काय होणार ते आधीच ठरलेलं. मग खरं राजकारण गेलं कुठे? ते गेलं पक्षाच्या आत, गटागटांत, साखर कारखान्याच्या गेस्ट हाउसवर, आमदार निवासात, दिल्लीच्या विमानात, मंत्र्याच्या बंगल्यावर रात्री उशिराच्या बैठकीत, आणि ह्यातल्या एकाही ठिकाणी प्रेसनोट निघत नाही. बाहेर त्याच वेळी दुष्काळ, लोक खडी फोडायच्या कामावर, मुंबईत संप, शिवसेना नवी नवी आणि आक्रमक, कामगार संघटनांवरून मारामाऱ्या, १९७० ला कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा खून झालेला. म्हणजे शहर उकळतंय आणि सत्तेचा खेळ बंद दाराआड, आणि ह्या दोन्हीकडे ज्याला रोज जावं लागतं असा माणूस एकच, तो म्हणजे रिपोर्टर.

तेव्हा मंत्रालयाला सचिवालय म्हणायचे. तिथल्या रिपोर्टरचा दिवस कसा असणार हे ज्याने बीट केलंय त्याला सांगायला नको, जुन्या लोकांकडून ऐकलेलंही सारखंच आहे. दुपारी प्रेस रूममध्ये, मग एकेका मंत्र्याच्या पीएकडे, पीए चहा मागवतो आणि सहज बोलल्यासारखं काहीतरी सांगून जातो, खाली उतरताना एक आमदार खांद्यावर हात टाकून बाजूला घेतो आणि बरोबर उलटं सांगतो, दोघेही शेवटी म्हणतात की माझं नाव नको. संध्याकाळी ऑफिसात येऊन टाइपरायटरवर बातमी, ती किती, तर चारशे शब्द, डेस्कने, म्हणजे ऑफिसात बसून बातम्या तपासणाऱ्या उपसंपादकांनी, कापली तर अडीचशे. आणि त्या अडीचशे शब्दांत काय जातं? मुख्यमंत्री म्हणाले, अर्थमंत्र्यांनी इन्कार केला, बैठक खेळीमेळीत झाली.

का जात नाही बाकीचं? लोक पटकन म्हणतात मालकाचा दबाव, जाहिराती, भीती. ते असतंच, त्याची तीव्रता पेपरागणिक वेगळी. बदनामीचा कायदा आहे, विधिमंडळाच्या हक्कभंगाची टांगती तलवार आहे. पण मला वाटतं ह्या सगळ्याच्या आधी एक साधी अडचण आहे जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही, ती अशी की बातमीला घटना लागते. काल काय झालं, कोण काय बोललं, किती मेले, किती कोटी मंजूर झाले. एखादा मंत्री सहा महिने हळूहळू मुख्यमंत्र्यांपासून दूर सरकतोय, त्याच्याभोवती कोण कोण गोळा होतंय, त्यातला कोण दोन्हीकडे बोलतोय, एका संपामागे कुणाचा हात आहे आणि त्या हाताला तो संप खरंच हवाय की फक्त भीती घालायला हवाय, ह्यात घटना कुठली? ह्यात रोज थोडं थोडं होत असतं, कुठल्याच दिवशी हेडलाइन होत नाही आणि ज्या दिवशी होते त्या दिवशी गोष्ट संपलेली असते. १९७२ चा पेपर हे धरू शकत नव्हता आणि खरं सांगायचं तर आजचाही धरू शकत नाही.

साधूंनी ह्यासाठी कादंबरी घेतली. १९७२ ला मुंबई दिनांक, १९७७ ला सिंहासन.

नोकरी इंग्रजी पेपरांत आणि कादंबरी मराठीत, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सचिवालयातलं सगळं बोलणं मराठीत व्हायचं, तेही सातारी, वऱ्हाडी, खानदेशी, मराठवाडी अशा नाना तऱ्हेच्या मराठीत. ते इंग्रजीत गेलं की त्यातला माणूस गळून जायचा, उरायचं फक्त स्टेटमेंट. शिवाय ते वाचणारा वर्गही वेगळा. ज्या लोकांबद्दल हे सगळं चाललंय त्यांच्यापर्यंत ते त्यांच्याच भाषेत पोचलं ते कादंबरीतून, आणि पोचलं म्हणजे भलतंच पोचलं, कारण गावाकडच्या वाचनालयातल्या वाचकाला पहिल्यांदा कळलं की मुख्यमंत्रीसुद्धा रात्री झोप न येता फोनकडे बघत बसतो.

सिंहासनातली ती फोनची गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. मुख्यमंत्री जीवाजीराव शिंदेंना निनावी फोन येतो की तुमच्याविरुद्ध कट शिजतोय. बस, एवढंच. कोण बोलतंय माहीत नाही, खरं की खोटं माहीत नाही. बातमी म्हणून ह्याची किंमत शून्य, कुठलाही चीफ रिपोर्टर ही कॉपी, म्हणजे लिहून दिलेली बातमी, परत फेकेल. पण त्या फोननंतर मुख्यमंत्री ज्याच्याकडे बघतात तो प्रत्येक माणूस संशयित होतो, जुने मित्र नव्याने तपासले जातात, माणसं पाठवली जातात, कुणाला काय हवंय ह्याचा हिशोब सुरू होतो, आणि दुसऱ्या बाजूला अर्थमंत्री विश्वासराव दाभाडेंचे सरकार पाडायचे मनसुबे. म्हणजे अफवा खरी होती की नाही ह्यापेक्षा अफवेने सरकार कसं हलतं ते साधू दाखवतात. हे रिपोर्टरलाच दिसू शकतं, कारण त्याने अफवा आणि निर्णय ह्यांच्यामधला रस्ता रोज पायाखाली घातलेला असतो. प्राध्यापकाने लिहिलं असतं तर सिद्धांत आला असता, राजकारण्याने लिहिलं असतं तर आपली बाजू आली असती.

पण साधूंचं मोठेपण माझ्या मते जीवाजीरावांत नाही, दिगू टिपणीसमध्ये आहे.

दिगू हा पत्रकार. त्याला सगळीकडे प्रवेश आहे, सगळे त्याच्याशी बोलतात, मुख्यमंत्र्यांची माणसं बोलतात, बंडवाले बोलतात, कामगार पुढारी डिकास्टाच्या जगापर्यंत सगळं त्याच्या नजरेखाली आहे. आणि लोक त्याच्याशी का बोलतात? त्याने सत्य लिहावं म्हणून कुणीही बोलत नाही. प्रत्येकाला त्याच्यामार्फत समोरच्या गटाला काहीतरी कळवायचं असतं, किंवा समोरच्याकडे काय चाललंय ते त्याच्याकडून काढून घ्यायचं असतं. म्हणजे ज्याला आपण माहिती मिळवणारा समजतो तो निरोप्या झालेला असतो, आणि त्याला ते कळतही असतं. पेपर दुसऱ्या सगळ्यांबद्दल लिहितो, पण ही माहिती मला कुणी का दिली हे तो कधीच लिहीत नाही. साधूंनी रिपोर्टरला गोष्ट सांगणाऱ्याच्या सुरक्षित जागेवरून उचलून गोष्टीत टाकलं. आपल्याच धंद्याबद्दल १९७० च्या दशकात, चालू नोकरीत, इतकं उघड लिहायला हिंमत लागते आणि ती त्यांनी दाखवली ह्याबद्दल मला त्यांच्याविषयी खरोखर आदर आहे.

आणि दिगूचा शेवट. बंड शेवटी मंत्रिमंडळाच्या फेरबदलात विरून जातं, ज्यांना जे हवं होतं त्यातलं थोडं थोडं मिळतं, आणि ज्याला सगळं दिसत होतं त्या एकट्याचं डोकं फिरतं. ह्यावर पुढे आलेल्या सिनेमात दिगू झालेल्या निळूभाऊ फुल्यांनी तो प्रसंग असा केलाय की बघणारा माणूस खुर्चीतून उठू शकत नाही. मी राजकीय बीटवर बरीच वर्षं काढलेली काही माणसं जवळून पाहिलीयेत, त्यांच्यातला कुणी वेडा झाला नाही पण एक कडवटपणा असतो, सगळ्यांना आतून ओळखल्याचा, आणि तो घरापर्यंत जातो. दिगू खोटा वाटत नाही तो म्हणून.

इथे एक आक्षेप घ्यायलाच हवा, वर्गात मुलं घेतातच. असं लिहिणं म्हणजे पळवाट नाही का? नाव न घेता सगळ्यांवर शिंतोडे उडवायचे, विचारलं की म्हणायचं ही कादंबरी आहे. वाचकांनी तेव्हा अंदाज बांधलेच, जीवाजीरावांत कुणी वसंतराव नाईक बघितले, डिकास्टात जॉर्ज फर्नांडिस बघितले. आक्षेप अगदीच चुकीचा नाही, आणि मराठीत नंतर अशा बऱ्याच कादंबऱ्या आल्या ज्यांत खरोखरच फक्त नावं बदललेली होती आणि हिशोब चुकते केलेले होते, त्या वाचून दोन वर्षांत विसरल्याही गेल्या. साधूंचं वेगळं पडतं कारण त्यांनी कुणाला खलनायक केलं नाही. जीवाजीराव धूर्त आहेत पण दमलेलेही आहेत, त्यांची अडचण आपल्याला समजते. दाभाडे महत्त्वाकांक्षी आहेत पण हास्यास्पद नाहीत. एखाद्या विशिष्ट माणसाचं गुपित फोडायचं असतं तर गुपित शिळं झाल्यावर पुस्तकही शिळं झालं असतं. त्यांनी गुपितं बाजूला ठेवून पद्धत लिहिली, आणि सोर्सला दिलेला शब्दही त्यामुळे पाळला गेला, कारण कुठल्याही एका सोर्सचं बोलणं त्यात जसंच्या तसं ओळखू येत नाही.

पुढे जे झालं ते तर साधूंनाही ठरवून लिहिता आलं नसतं. सिंहासन आली १९७७ ला, त्याच वर्षी मार्चमध्ये आणीबाणी उठली, आणि १९७८ च्या जुलैत शरद पवार आमदारांचा गट घेऊन वसंतदादांच्या सरकारातून बाहेर पडले आणि स्वतः मुख्यमंत्री झाले. मग १९७९ ला जब्बार पटेलांनी दोन्ही कादंबऱ्या एकत्र करून सिनेमा केला, पटकथा तेंडुलकरांची, जीवाजीराव अरुण सरनाईक, दाभाडे डॉ. लागू, दिगू निळू फुले, आणि खुद्द मंत्रालयात शूटिंग करायला परवानगी दिली ती मुख्यमंत्री शरद पवारांनी. आज एखादा मुख्यमंत्री आपल्याच कार्यालयात, सरकार पाडायच्या गोष्टीवरच्या सिनेमाला असं शूटिंग करू देईल का ह्यावर वाचणाऱ्याने आपापलं उत्तर द्यावं, माझं उत्तर नाही असं आहे.

बाकीची पुस्तकं भराभर सांगतो, त्यांच्यावर खरं तर वेगळं लिहायला हवं. चीनवरचं आणि ड्रॅगन जागा झाला, क्यूबावरचं फिडेल, चे आणि क्रांती, रशियावरचं तिसरी क्रांती. इंटरनेट नव्हतं, परदेशी पुस्तकं मिळायची मारामार, अशा काळात मराठी वाचकाला जगातल्या क्रांत्या गोष्टीसारख्या सांगितल्या. कितीतरी जणांना चे गव्हेरा पहिल्यांदा भेटला तो साधूंच्या पुस्तकात, टी-शर्टवर नंतर. झिपऱ्या ही लोकलच्या प्लॅटफॉर्मवर बूटपॉलिश करणाऱ्या पोरांची कादंबरी, तीही लेखकाच्या आधी रिपोर्टरने बघितलेली आहे हे पानापानावर कळतं.

आता रानडे. १९९५ ला साधू विभागप्रमुख झाले तेव्हा राज्यात मार्चमध्येच शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलेलं, काँग्रेसच्या २२२ वाल्या दिवसांचा मागमूस नाही, घराघरात केबल आलेली, आणि पत्रकारितेला येणाऱ्या मुलांना पेपरइतकाच टीव्ही दिसायला लागलेला. अशा वेळी विद्यापीठाने जन्मभर न्यूजरूममध्ये काढलेला माणूस विभागावर बसवला, आणि ही नेमणूक मला ह्या प्रकरणाचाच भाग वाटते. रिपोर्टरने शिकवायला जायचं की नाही ह्यावर आपल्याकडे दोन टोकाची मतं आहेत. न्यूजरूमवाले म्हणतात पत्रकारिता वर्गात शिकवता येत नाही, फिल्डवर ढकला, आपोआप येईल. विद्यापीठवाले म्हणतात ह्यांच्याकडे नेट-सेट, म्हणजे प्राध्यापक व्हायची पात्रता परीक्षा, नाही, थिअरी नाही, हे नुसते अनुभव सांगतात. फिल्डवर ढकलल्याने काय येतं तर बातमी आणायची कशी ते येतं, हे मलाही तसंच आलं. पण ही बातमी मला का दिली जातेय हा प्रश्न फिल्डवर कुणी विचारायला शिकवत नाही, उलट विचारलास तर चीफ रिपोर्टर म्हणतो डेडलाइन झाली, आधी कॉपी दे. त्या प्रश्नाला वेळ फक्त वर्गात मिळतो, आणि तो विचारायचा अधिकार ज्याने स्वतः बातम्या आणल्यात त्यालाच नीट पोचतो.

म्हणून मी काय करतो ते सांगतो, कुणाला वापरायचं असेल तर वापरा. सिंहासनातला तो निनावी फोन मुलांना देतो. म्हणतो, समजा मुख्यमंत्र्यांच्या ऑफिसातल्या एका माणसाने तुम्हाला हे सांगितलं की साहेबांना असा फोन आलाय, नाव नको. दीडशे शब्दांत बातमी लिहा. जवळजवळ सगळे सुरुवात करतात, विश्वसनीय सूत्रांकडून मिळालेल्या माहितीनुसार. मग एकेक कॉपी वाचायला घेतो आणि विचारतो की हा माणूस तुम्हाला हे का सांगतोय? मुख्यमंत्र्यांना सहानुभूती मिळावी म्हणून? दाभाडेंना समजावं की आम्हाला कळलंय म्हणून? की फोन आलाच नव्हता? वर्ग शांत होतो आणि मग एकदम बोलायला लागतो. पुढची पायरी, ह्यातलं उद्या सकाळी तपासता येईल असं काय आहे ते काढा. तेव्हा हळूहळू यायला लागतं, सर, मुख्यमंत्र्यांनी उद्याचा दौरा रद्द केला का ते बघता येईल. सर, आज बंगल्यावर कुणाकुणाच्या गाड्या होत्या. सर, फेरबदलासाठी दिल्लीची वेळ मागितलीये का. अर्ध्या तासात सूत्रांनुसार वाली कॉपी बाजूला पडते आणि तीन-चार तपासण्यासारख्या गोष्टी हातात राहतात. उरलेलं, जे तपासता येत नाही पण खरं वाटतं, ते मी त्यांना तारीख घालून वहीत लिहून ठेवायला सांगतो, व्हॉट्सॅपवर पुढे ढकलायला नाही. आजकाल ते ढकललं जातं आणि दुसऱ्या दिवशी तेच सूत्र म्हणून परत येतं, ह्याची मला खरंच काळजी वाटते, कारण दिगूला निदान कोण वापरतंय ते माहीत होतं.

ह्या प्रकरणात एक मोठं काम अजून करण्यासारखं आहे आणि ते रानडेतल्याच एखाद्या पीएचडी करणाऱ्या मुलाने किंवा मुलीने घ्यावं असं मला मनापासून वाटतं. साधूंच्या कादंबऱ्या मिळतात, सिनेमा मिळतो, पण त्यांच्या रोजच्या इंग्रजी बातम्या जुन्या पेपरांच्या फायलींत आहेत, आणि सत्तरच्या दशकात सगळ्या बातम्यांना बायलाइन, म्हणजे बातमीदाराचं नाव, नसायची त्यामुळे शोधणं सोपं नाही. तरी १९७० ते १९७७ ची मुंबईची फाइल घेऊन बसावं, एका बाजूला त्या आठवड्याची छापलेली बातमी, दुसऱ्या बाजूला कादंबरीतलं प्रकरण, आणि मधे काय काय गळलं त्याची नोंद करत जावं. त्या पिढीतले जे डेस्कवरचे लोक अजून आहेत त्यांनाही आत्ताच गाठायला लागेल. वर्ष-दोन वर्षांचं काम आहे, पैसे फार लागणार नाहीत, फक्त ग्रंथालयात धूळ खायची तयारी आणि मायक्रोफिल्म बघायला डोळे हवेत. कुणी घेत असेल तर माझ्याकडची टिपणं मी आनंदाने देईन.